कुर्तुब्याचे हकीम आणि घशातल्या गाठी

रमजानच्या दिवसांत लेकराचा घसा सुजला, इफ्तारचे सरबतही गिळवेना, की शहापूर-मुरबाडच्या घरांत नेहमीचा प्रश्न निघतो: टॉन्सिल काढून टाकावेत का? त्यासाठी कल्याण-ठाण्याच्या खेपा, खर्च आणि मनातली भीती, सारेच आले. हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम हकिमांनी याच प्रश्नावर शांतपणे विचार केला होता.

अबुल कासिम अल-झहरावी यांचा जन्म इ.स. ९३६ च्या सुमारास स्पेनमध्ये, कुर्तुबा म्हणजे आजच्या कॉर्डोबाजवळ झाला. तिथल्या मदीनत-उझ-झहरा या नगरावरून त्यांना झहरावी म्हणतात. आयुष्यभराच्या रुग्णसेवेचा अनुभव त्यांनी इ.स. १००० च्या सुमारास ‘अत-तसरीफ’ या ३० भागांच्या ग्रंथात उतरवला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रे आहेत.

हात चालवण्याआधी शरीराची रचना शिका, हा त्यांचा आग्रह. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनी तोडली आणि ती त्याच्या हातातच दगावली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

टॉन्सिलबाबतही त्यांची हीच सावधगिरी दिसते. रुग्णाला उन्हात बसवावे, जीभ दाबून घसा नीट पाहावा. गाठ लाल आणि बुडाशी जाड असेल तर कापू नये, रक्त आवरणार नाही. पांढरट, गोल, बारीक देठाची असेल तरच आकड्याने ओढून कापावी. तेही सूज उतरल्यावर. नंतर थंड पाण्याच्या किंवा पाणी घातलेल्या सिरक्याच्या गुळण्या द्याव्यात.

इ.स. १०१३ च्या सुमारास ते अल्लाहला प्यारे झाले. बाराव्या शतकात त्यांच्या शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातले वैद्य पुढे कित्येक शतके त्यावर शिकले.

आजचे डॉक्टरही घाई करत नाहीत. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घसा जोरात सुजला, तर ऑपरेशनचा विचार होतो. झोपेत लेकराचा श्वास अडकत असेल तर मात्र थांबू नये, लगेच दाखवावे. म्हणून प्रत्येक दुखण्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. शिफा अल्लाहच्या हाती आहे. नीट पाहून, विचारून ठरवणे आपल्या हाती.