बिघाडाला सूर सापडला तेव्हा

अमेरिकेतील सिॲटल शहर. साल १९५७. एका घरातील अडगळ उपसण्याच्या कामावर एक बाप आपल्या मुलाला बरोबर घेऊन गेला होता. त्या पसाऱ्यात मुलाला एक जुनी युकुलेली सापडली. तिच्यावर तार उरली होती अवघी एक. मुलाने ती घरी आणली आणि ऐकलेल्या गाण्यांचे सूर त्या एकाच तारेवर शोधत बसला. तोवर घरातला झाडू हीच त्याची गिटार होती. मोडक्या वस्तूतून सूर काढण्याचा हा नाद त्याला जन्मभर पुरला. मुलाचे नाव जिमी हेंड्रिक्स.

जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा. वडील अल तेव्हा सैन्यात होते. मुलाचे पहिले नाव जॉनी ॲलन. परत आलेल्या वडिलांनी १९४६ मध्ये ते बदलून जेम्स मार्शल केले. घरात गरिबी होती, दारू होती, भांडणे होती. १९५१ मध्ये आईवडील विभक्त झाले. १९५८ मध्ये आई ल्युसिल गेली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच वर्षी पाच डॉलरची जुनी गिटार हाती आली आणि पुढच्या वर्षी वडिलांनी विजेवरची गिटार घेऊन दिली. पोरगा डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून तो वाजवू लागला. १९६१ मध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून भरती, १९६२ मध्ये सुटका, मग लिटल रिचर्डसारख्या गायकांच्या मागे उभे राहून साथ. शेवटी २४ सप्टेंबर १९६६ रोजी चास चँडलर त्याला लंडनला घेऊन गेला आणि नशीब पालटले.

त्या सुमारास गिटारवादकांना एका फाटक्या, गुरगुरत्या आवाजाचे वेड लागले होते. या आवाजाचा एक जन्मदाता चक्क बिघाड होता. १९६१ मध्ये गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात नॅशव्हिलच्या स्टुडिओतील यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटार खरखरू लागली. तो तुकडा तसाच ठेवला गेला. ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने बिघाडाचे कारण शोधले आणि तोच बिघाड हवा तेव्हा घडवणारे मंडल तयार केले. १९६२ पासून ते पायाने दाबायच्या पेटीच्या रूपात बाजारात आले.

यातले शास्त्र सोपे आहे. गिटारचा ध्वनी म्हणजे चढउतारांची लाट. ट्रान्झिस्टरला झेपेल त्याहून ती मोठी केली, की लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि मूळ सुराबरोबर अनेक वरचे स्वर उमटतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवावी. तिची घडण निराळी. पण वरच्या स्वरांची ती दाट गुंजन कानाला ओळखीची आहे.

हेंड्रिक्सच्या पायाशी असे ती ‘फझ फेस’ नावाची गोल डबी. आत जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर, चार-दोन सुटे भाग आणि नऊ व्होल्टची बॅटरी. इतकी साधी, तरी लहरी. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. दिव्यांखाली डबी तापली, की आवाज बारीक होई किंवा मध्येच तुटे. शिवाय एका डबीसारखी दुसरी निघत नसे. म्हणून अनेक डब्या वाजवून पाहायच्या आणि मनासारखी बोलेल ती ठेवायची, हा हेंड्रिक्सचा शिरस्ता.

घरी बनवलेली अशी डबी मुकी झाली तर दुखणे शोधण्याचा क्रम आजही तोच आहे. आधी बॅटरी, मग तारा व जोडण्या, मग डाग नीट बसला आहे की नाही. तरीही बोलेना, तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा दाब मोजायचा. तो बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास, साडेचार व्होल्ट असला, की सहसा प्रकृती ठीक समजायची.

ही नाडीपरीक्षा करणारा माणूस हेंड्रिक्सला भेटला तो रॉजर मेयर. ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात कंपने आणि ध्वनी यांचा अभ्यास करणारा हा तरुण फावल्या वेळात गिटारवाल्यांसाठी डब्या बनवी. हेंड्रिक्सच्या डब्यांतले ट्रान्झिस्टर तो निवडून बसवी. सुराला एक सप्तक वर नेणारी ‘ऑक्टेव्हिया’ ही त्याची डबी. ‘पर्पल हेझ’ या गाण्यातील गिटारवादनात १९६७ च्या फेब्रुवारीत ती प्रथम उतरली. आवाज कसा हवा हे वादकाने सांगायचे आणि तंत्रज्ञाने तांब्याच्या तारेत ते शोधायचे, असा हा संसार होता.

त्याच वर्षी १८ जून रोजी मॉन्टेरी येथे त्याने मंचावर गिटार पेटवली आणि तो जगाला ठाऊक झाला. पण त्याचे खरे सामर्थ्य दिसले १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी, वुडस्टॉक महोत्सवात. बरीच गर्दी पांगली होती. त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर छेडले आणि मधोमध सूर फाटू दिला. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. विमानांची घरघर, बॉम्बचा स्फोट आणि आक्रोश श्रोत्यांनी त्या खरखरीत ऐकला. एकही शब्द न उच्चारता एका माजी सैनिकाने देशाला त्याची जखम ऐकवली.

१९७० च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ सुरू झाला. तीन-साडेतीन आठवड्यांनी, १८ सप्टेंबरला, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने लंडनमध्ये त्याचा अंत झाला. वय सत्तावीस. नाव बदलून ठेवणारे वडील त्याच्यामागे एकतीस वर्षांहून अधिक जगले.

डबी बिघडली की उघडून पाहणारा माणूस त्याच्याजवळ होता. सततचे दौरे, नशा, जागरणे यांनी माणूस आतून तापत चालला, तेव्हा त्याचा ताप वेळीच मोजणारे कोणी निघाले नाही. त्याचा सूर ऐकताना कान तृप्त होतात आणि ही एक चुटपुट मनात राहून जाते.