माजी जगज्जेत्याला हरवलं, मग शेती सांभाळली : मीर सुलतान खान

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियात महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा वर्सोव्यापासून विदर्भापर्यंत लोक मोबाईलवर निकाल बघत होते. कोण पुढं, कोण अर्ध्या गुणानं मागं, हे आता लगेच कळतं. पण जवळपास शंभर वर्षांपूर्वीही अशाच एका गुणतक्त्यात आपल्याकडचं एक नाव झळकलं होतं, मीर सुलतान खान.

त्यांचा जन्म पंजाबातल्या खुशाब भागातला. आज तो भाग पाकिस्तानात आहे. बुद्धिबळ त्यांना वडिलांनी शिकवलं, पण आपल्या देशी पद्धतीचं. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही, कॅसलिंग नाही, राजाला मात्र एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. पंजाबातले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांचा खेळ हेरला, आश्रय दिला आणि विलायती नियम शिकवायची सोय केली.

१९२८ मध्ये सुलतान खान यांनी दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी ते उमर हयात खान यांच्यासोबत इंग्लंडला गेले आणि पहिल्याच फटक्यात ब्रिटिश अजिंक्यपद पटकावलं. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा तेच. तिथली थंडी त्यांना मानवत नव्हती. हिवताप, सर्दी, घशाचं दुखणं सारखं चालूच. कित्येकदा गळ्याला पट्टी गुंडाळून ते पटावर बसायचे.

१९३० च्या डिसेंबरअखेर हेस्टिंग्जची स्पर्धा सुरू झाली. दहा खेळाडू, नऊ फेऱ्या. क्यूबाचा माजी जगज्जेता कॅपाब्लांका समोर होता. ६५ चालींच्या डावात सुलतान खान यांनी त्याला हरवलं. शेवटचा तक्ता असा लागला : हॉलंडचा मॅक्स युवे ७ गुण, कॅपाब्लांका साडेसहा, सुलतान खान ६. पहिल्या आणि तिसऱ्यात फक्त एका गुणाचा फरक. हाच युवे १९३५ मध्ये जगज्जेता झाला. त्याआधी १९३० मध्येच लीज शहरातल्या स्पर्धेत सुलतान खान दुसरे आले होते, तर १९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी रुबिनस्टाइन आणि फ्लोर या नावाजलेल्या गड्यांना हरवलं.

१९३३ च्या अखेरीस उमर हयात खान मायदेशी निघाले, तसे सुलतान खानही परतले. मोठ्या स्पर्धांत खेळायला परदेशी जायचं तर खर्च कोण करणार? आश्रयदाता परतला तशी ती वाटही बंद झाली. १९३५ मध्ये वि. का. खाडिलकर या मराठी खेळाडूशी त्यांचा सामना झाला. दहा डावांत खाडिलकरांना एकच बरोबरी मिळाली, बाकी सगळे डाव सुलतान खान यांचे. म्हणजे खेळ अजून शाबूत होता, पण मोठ्या तक्त्यात त्यांचं नाव पुन्हा आलं नाही.

पुढं फाळणी झाली. सरगोधा भागातल्या वडिलोपार्जित शेतीवर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. मुलांना त्यांनी या खेळाच्या मागं लावलं नाही, असं त्यांच्या मुलानं पुढं सांगितलं. २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयानं त्यांचं निधन झालं.

जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये. तोवर त्यांना जाऊन जवळपास ५८ वर्षं होत आली होती.