दानशूर राजा ऑस्वाल्ड

सातव्या शतकात इंग्लंड हे एक राष्ट्र नव्हते. तेथे अनेक लहान लहान राज्ये होती. उत्तरेकडील नॉर्थंब्रियाचा राजा एथेलफ्रिथ इ. स. ६१६ मध्ये रणांगणावर पडला. त्याचा बाल पुत्र ऑस्वाल्ड याला भावंडांसह परमुलखात आश्रय घ्यावा लागला. तेथे स्कॉट लोकांत वाढताना तो त्यांची भाषा शिकला आणि त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पुढे कॅडवॅलन राजाने नॉर्थंब्रिया उद्ध्वस्त केले. तेव्हा, इ. स. ६३४ च्या सुमारास, ऑस्वाल्ड मूठभर सैन्यानिशी परतला. लढाईपूर्वी त्याने लाकडी क्रूस उभारून प्रार्थना केली आणि बलाढ्य शत्रूचा पराभव केला.

राज्य मिळाले, तरी आश्रयाचे दिवस तो विसरला नाही. त्याने आयोना बेटावरून एडन या साधूस बोलावून घेतले व त्याला लिंडिसफार्न बेट दिले. एडनला इंग्रजी नीट येत नसे. म्हणून राजा स्वतः दुभाषा होऊन त्याचा उपदेश सरदारांना समजावून देई.

बीड नावाच्या इतिहासकाराने एक प्रसंग नोंदविला आहे. ईस्टरच्या दिवशी राजा भोजनास बसला होता. इतक्यात, बाहेर गोरगरीब जमले आहेत, असे सेवकाने कळविले. राजाने समोरचे अन्न त्यांना वाटावयास सांगितले. इतकेच नव्हे, तर चांदीच्या ताटाचे तुकडे करून तेही देवविले.

इ. स. ६४२ मध्ये मर्सियाच्या पेंडा राजाशी लढताना ऑस्वाल्डला वीरमरण आले. त्याचे राज्य अवघी आठ वर्षे टिकले. परंतु लोकांनी त्याला संत मानले.