चंद्रा आणि ताऱ्यांचं मरण

अंबरनाथच्या शिवमंदिरात आपल्यापैकी बहुतेक जणी जाऊन आल्या असतील. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. त्याच्या सहाच वर्षं आधी, १०५४ च्या जुलैत, आकाशात एक तारा असा पेटला की २३ दिवस तो भरदिवसा दिसत होता. चिनी लोकांनी त्याची नीट नोंद करून ठेवली. आपल्याकडे तेव्हा पावसाळा, आभाळ भरलेलं. पण रात्री तो पुढे जवळजवळ पावणेदोन वर्षं दिसत होता. मंदिराचे दगड घडवणाऱ्या पाथरवटांनी मान वर करून तो पाहिला असेल का, असं मला सारखं वाटतं.

लोकांना तो नवा तारा वाटला. प्रत्यक्षात ते एका म्हाताऱ्या ताऱ्याचं मरण होतं. असं मरण कुणाच्या वाट्याला येतं आणि कुणाच्या नाही, याच्या गणिताची किल्ली सापडली ती सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना. सगळे त्यांना चंद्रा म्हणत.

चंद्रांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० चा, लाहोरचा. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी, काका सर सी. व्ही. रामन. घरात दहा भावंडं. पण मला कौतुक वाटतं ते आईचं. सीतालक्ष्मींनी इब्सेनचं ‘अ डॉल्स हाऊस’ तमिळमध्ये आणलं होतं. घर सोडून निघणाऱ्या बाईचं नाटक, आणि तेही एवढ्या मुलांच्या रगाड्यात!

१९३० साली चंद्रांना केंब्रिजला जायची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ही आई अंथरुणाला खिळलेली होती. मुलाचा पाय निघेना. जायलाच हवं, हा हट्ट तिनेच धरला. मद्रासहून मुंबईला येणारी रेल्वे तेव्हाही पुणे, कर्जत, बदलापूर, कल्याण अशीच होती. ३१ जुलैला मुंबई बंदरातून बोट सुटली. पुढच्याच वर्षी आई गेली. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

त्या बोटीवर, वयाच्या १९ व्या वर्षी, चंद्रांनी गणित मांडायला घेतलं. मी कला शाखेची, त्यामुळे मला समजलं तसं सांगते. फुलका फुगतो तो आतल्या वाफेच्या जोरावर. ताऱ्याचंही तसंच. त्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबत असतं आणि पोटातली उष्णता बाहेर ढकलत असते. जळण संपलं की फुलका बसतो. आपल्या सूर्याचंही साधारण ५०० कोटी वर्षांनी तेच होणार. आधी तो फुगून लाल होईल, मग आकसून पृथ्वीएवढा लहान ‘श्वेत बटू’ होईल आणि हळूहळू निवत जाईल.

हा श्वेत बटू आणखी का दबत नाही? सकाळच्या बदलापूर लोकलचा लेडीज डबा आठवा. तिथे आणखी कुणी शिरूच शकत नाही. ताऱ्यातले इलेक्ट्रॉनही असेच एकमेकांना जागा देत नाहीत, म्हणून तारा तग धरतो. तेव्हाच्या जाणकारांना वाटे, सगळेच तारे असे शांतपणे विझतात. चंद्रांचं गणित सांगत होतं की या दाटीलाही मर्यादा आहे. वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेलं की ती मोडते.

फार मोठ्या ताऱ्यांच्या पोटात जळता जळता शेवटी लोखंड साठतं. लोखंडापासून पुढे ऊर्जा मिळत नाही. गाभ्याने ती मर्यादा ओलांडली की तो सेकंदाच्याही आत कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. हाच सुपरनोव्हा. मागे उरतो न्यूट्रॉन तारा, नाहीतर कृष्णविवर. १०५४ च्या त्या ताऱ्याचा उधळलेला ढग आजही दुर्बिणीतून दिसतो. त्याच्या मधोमध सेकंदाला तीसेक वेळा गरगरणारा न्यूट्रॉन तारा आहे. वस्तीतल्या मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या वाटताना मी हे आवर्जून सांगते, की तुमच्या रक्तातलं लोहसुद्धा अशाच फुटलेल्या ताऱ्यांतून आलंय. मुली आधी हसतात, मग गोळी घेतात.

११ जानेवारी १९३५ ला लंडनमध्ये चंद्रांनी हे सगळं विद्वानांपुढे मांडलं. लगेच पाठोपाठ एडिंग्टन उभे राहिले, त्या काळचे सर्वांत मोठे खगोलशास्त्रज्ञ. ते चंद्रांच्या खोलीवर येत, आकडेमोड बघत, पण मनात काय आहे याचा कधी पत्ता लागू दिला नव्हता. भर सभेत त्यांनी खिल्ली उडवली आणि सभा हसली. चंद्रांचं बरोबर आहे हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी खाजगीत मान्य केलं, उघडपणे मात्र कुणी बोललं नाही. चोविशीतल्या परक्या मुलाने काय करावं? त्यांनी भांडण वाढवलं नाही. सगळं एका पुस्तकात लिहून १९३९ मध्ये छापलं आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. १९४४ साली एडिंग्टन वारले, तेव्हा चंद्रा त्यांच्याबद्दल आदरानेच बोलले. मला नसतं जमलं!

१९३६ साली त्यांचं ललिताशी लग्न झालं. दोघं मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भेटलेले, आणि सहा वर्षं ती त्यांच्यासाठी थांबलेली. तीही भौतिकशास्त्र शिकलेली, पण अमेरिकेत संसार मांडल्यावर तिचं शास्त्र मागे पडलं. चंद्रांचं सगळं वाचताना मला हेच सर्वांत जास्त टोचलं.

नोबेल मिळालं १९८३ साली, बोटीवरच्या त्या गणितानंतर ५३ वर्षांनी. २१ ऑगस्ट १९९५ ला चंद्रा शिकागोत गेले. २३ जुलै १९९९ ला त्यांच्या नावाची ‘चंद्रा’ ही एक्स-रे दुर्बीण अवकाशात गेली. तिला नेणारं यान होतं कोलंबिया, ज्यातून आपली कल्पना चावला १९९७ मध्ये पहिल्यांदा गेली होती. या खेपेला त्याची कमांडर होती आयलीन कॉलिन्स, अमेरिकेच्या अवकाशयानाचं नेतृत्व करणारी पहिली बाई. उड्डाण बघायला नव्वदीला टेकलेल्या ललिताबाई फ्लोरिडाला गेल्या होत्या. त्यानंतर त्या आणखी १४ वर्षं जगल्या.