छप्पर मिळाले, शिक्षण टिकले

रमजानचा महिना संपतो आणि ईदच्या सकाळी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर नमाजासाठी रांगा लागतात. नमाज संपली की गळाभेटी होतात. त्यात हिंदू शेजारीही असतात, जैन आणि लिंगायत मित्रही असतात. या मैदानाला आणि त्यामागच्या वास्तूला बोर्डिंग का म्हणतात, हे मात्र नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसते. त्याचे उत्तर राजर्षी शाहू महाराजांच्या आयुष्यात आहे.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. दहाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. संस्थानात फिरताना त्यांच्या ध्यानात आले, की खेड्यातली मुले हुशार असूनही शिक्षण अर्ध्यावर सोडतात. गावच्या शाळेतले शिक्षण संपले की पुढची शाळा कोल्हापुरात. तिथे राहायचे कुठे, जेवायचे कुठे? शेतकऱ्याला किंवा कारागिराला मुलाचा शहरातला खर्च झेपत नसे. मग पोराच्या हातातली पाटी जाई आणि हातात नांगर येई.

म्हणून 1896 मध्ये महाराजांनी सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. हेतू चांगला होता, पण अनुभव निराळा आला. दार सर्वांना उघडे असूनही काही वर्षांत तिथे जवळपास एकाच वर्गाची मुले उरली. ज्यांच्यासाठी धडपड केली, ती मुले आत आलीच नाहीत. जी घरे पिढ्यान्‌पिढ्या शाळेपासून दूर होती, त्यांना नुसते दार उघडे ठेवून भागत नाही, हा धडा महाराजांनी घेतला. त्यांनी वाट बदलली.

1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. तिथे काही मुस्लिम मुलांचीही सोय झाली. त्याच वर्षी जैन मुलांचे वसतिगृह निघाले. पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशा एकेका समाजाची वसतिगृहे झाली. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. प्रत्येक समाजातल्या जाणत्या माणसांनी पुढे यावे, कारभार पाहावा आणि दरबाराने जागा व मदत द्यावी, अशी ही रीत होती. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली मुलगा राहतो म्हटल्यावर गावाकडचे आईबापही निर्धास्त होत.

मुस्लिम समाजातून मात्र कोणी पुढे येईना. महाराजांनी वाट पाहिली नाही. 1906 मध्ये त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मुसलमानांना बोलावून बैठक घेतली, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. हिंदू राजाने मुस्लिम शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हावे, ही त्या काळातही विरळा गोष्ट होती. बोर्डिंगसाठी जागा दिली, मदत दिली. सामान्य मुसलमानाला आपला धर्मग्रंथ मातृभाषेत समजावा म्हणून कुरआनच्या मराठी अनुवादासाठीही त्यांनी खर्च केला.

वसतिगृहाने वरच्या शिक्षणाची सोय झाली, पण पहिलीतच न येणाऱ्या मुलांचे काय? 1917 मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. ज्या मुलांना आधी आधाराची वेगळी जागा दिली, त्यांना आता एकाच बाकावर आणायचे होते. हे सारे सोपे नव्हते. सनातन्यांचा रोष होताच. 1918 मध्ये धाकटे पुत्र शिवाजी यांच्या अपघाती निधनाचा घावही त्यांनी सोसला. त्या दुःखातही विधवा सून इंदुमतीदेवींना शिकवण्याचा निर्धार त्यांनी केला आणि घरच्यांचा विरोध पत्करून तो पाळला.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे 47 वर्षांचे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले. साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारे वसतिगृह काढले आणि त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. 1896 साली जे साधले नव्हते, ते असे साधले.

रमजानमध्ये जकात आणि सदका देण्याची रीत आहे. त्यात सदका-ए-जारियाला, म्हणजे देणारा गेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना मिळत राहतो अशा दानाला, मोठे मोल आहे. विहीर खोदणे, झाड लावणे, विद्या देणे ही त्याची उदाहरणे. एका हिंदू राजाने लावलेल्या अशाच झाडाच्या सावलीत कोल्हापूरचे मुसलमान आजही ईदची नमाज अदा करतात. शाळा सुटण्याच्या बेतात असलेले एखादे मूल प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक गल्लीत असते. त्याची फी, त्याची पुस्तके किंवा त्याच्या राहण्याची सोय कोणी पाहिली, तर महाराजांचे काम पुढे चालू राहील.