मल्लखांबाचे आद्यगुरू : बाळंभटदादा देवधर

उत्तर पेशवाईचा इतिहास वाचताना आपले लक्ष लढाया आणि राजकारण यांवरच खिळून राहते. दुसऱ्या बाजीरावाचे नाव निघाले की पराभवाचीच आठवण होते. परंतु याच बाजीरावाच्या पदरी असलेल्या एका व्यायामशिक्षकाने महाराष्ट्राला असे काही दिले, की जे पेशवाई बुडाल्यावरही टिकले. त्यांचे नाव बाळंभटदादा देवधर.

मल्लखांब त्यांनी नव्याने शोधून काढला असे नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरील मेहनतीचा उल्लेख आहे. पुढे मात्र ही विद्या मागे पडली. १७९६ साली बाजीराव गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीत निजामाच्या मुलखातून अली व गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबारास आव्हान दिले, अशी परंपरागत हकीकत आहे. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी विडा उचलला. तयारीसाठी मुदत मागून ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे उपासना करीत असता झाडांवर खेळणारी माकडे त्यांनी पाहिली आणि त्यांतून त्यांना खांबावरचे डाव सुचले. मारुतीने दृष्टांत दिला, असे भाविक सांगतात. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. गुलाब न लढताच निघून गेला.

मला त्यांचा मोठेपणा या कुस्तीपेक्षा तिच्यानंतरच्या कार्यात दिसतो. जिंकण्याची युक्ती त्यांनी लपवून ठेवली नाही. ती शिष्यांना शिकवली. कोंडभटनाना गोडबोले हे त्यांपैकी एक नामवंत शिष्य. १८१८ मध्ये पेशवाई संपली, बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेला आणि मराठी माणसांबरोबर मल्लखांबही उत्तरेत पोहोचला. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांनीही तो शिकल्याचे सांगतात.

कुस्तीची पूर्वतयारी म्हणून सुरू झालेली ही मेहनत हळूहळू स्वतंत्र कला झाली. एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब, त्यावर अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा. डाव ठरलेले, पण एका डावातून दुसऱ्यात कसे वळावे, यात ज्याची त्याची प्रतिभा दिसते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकार दाखवले, त्यांत मल्लखांबही होता. २०१९ साली मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

याच वृत्तीचे एक रूप युरोपातही दिसते. फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) यांनी धावणे, चढणे, उडी मारणे या नैसर्गिक हालचालींवर आपली व्यायामपद्धती उभारली. तिच्या प्रभावातून पुढे पॅरिसजवळच्या तरुणांनी ‘पार्कोर’ घडवला. भिंत, कठडा, जिना यांना अडथळा न मानता त्यांवरून सफाईने पार होणे, ही ती कला. त्यात कोलांट्या आणि स्वतःचा आविष्कार मिळवला की ‘फ्रीरनिंग’ होते. २०२२ साली टोकियोत पार्कोरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

हे सारे लिहिण्याचे कारण आमच्या कन्हेरीत आहे. आमच्याकडची पोरे मोबाईलवर पार्कोर पाहून विहिरीच्या कठड्यावरून, कॅनॉलच्या भिंतीवरून उड्या मारतात. वडीलधारी मंडळी त्याला माकडचेष्टा म्हणतात. गावात मारुतीचे प्रसिद्ध देवस्थान असताना हा शब्द शिवीसारखा वापरला जावा, याचे मला नवल वाटते. पण वडीलधाऱ्यांची भीती खोटी नाही. पोरांजवळ हिंमत आहे. गुरू नाही, खाली मऊ माती नाही, सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा क्रम नाही. बाळंभटदादांनी माकडाकडून नुसती उडी उचलली नाही. तिला क्रम लावला, नियम दिले, ती दुसऱ्याला शिकवता येईल अशी केली. उनाडपणा आणि विद्या यांत एवढेच अंतर आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात एक खांब पुरायला फार खर्च येणार नाही. शिकवणारा मिळाला तर पोरे आपोआप येतील, आणि मुलींसाठी शेजारी दोरीचा मल्लखांबही टांगता येईल. जिमखान्याच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी या वर्षी एवढे मनावर घ्यावे.