मातीतून औषध काढणारा संशोधक : सेल्मन वॅक्समन

भगिनींनो, मृगाची पहिली सर आली की अंगणातून जो वास येतो तो कोणाला आवडत नाही? आपण म्हणतो, मातीचा वास सुटला. पण तो वास नुसत्या मातीचा नसतो. मातीत राहणारे अतिशय बारीक जीव असतात, त्यांतल्या एका जातीचा तो वास असतो. या जातीचे नाव आहे ॲक्टिनोमायसिट. हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. चिमूटभर मातीत असे नाना जातींचे जीव कोट्यवधी असतात. झाडाचा पडलेला पाला, शेण, मेलेला किडा, सगळे काही तेच कुजवतात आणि त्याचे खत करतात. ते नसते तर पृथ्वीवर केराचे डोंगर झाले असते आणि पिकाला कस मिळाला नसता.

अशा या न दिसणाऱ्या जिवांच्या मागे एका माणसाने आपले सारे आयुष्य घालवले. त्यांचे नाव सेल्मन अब्राहम वॅक्समन. क्षयरोगावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यांच्या प्रयोगशाळेत मातीतून निघाले.

क्षय म्हटले की पूर्वी घराचा धीर सुटत असे. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात याच रोगाने गेल्या. वय अवघे एकवीस. इतक्या शिकलेल्या बाईला, स्वतः डॉक्टर असून, स्वतःच्या दुखण्यावर औषध मिळाले नाही. कारण औषध जगातच नव्हते. या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉक यांनी 1882 सालीच दाखवून दिले होते. शत्रू कोण ते कळले होते, पण त्याला मारायचे कसे ते कोणालाच ठाऊक नव्हते. रोग्याला मिरजेला नाहीतर पाचगणीला हवापालटाला न्यायचे, दूध-अंडी द्यायची, ताटवाटी वेगळी ठेवायची आणि देवावर भार टाकायचा, एवढेच लोकांच्या हाती होते.

आनंदीबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, 22 जुलै 1888 रोजी, वॅक्समन यांचा जन्म झाला. गाव नोवाया प्रिलुका. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होता, आज युक्रेन देशात आहे. घर ज्यू धर्माचे. वडील जेकब, आई फ्राडिया. आईचे कापडचोपडाचे छोटे दुकान होते आणि मुलाला वाढवले ते मुख्यतः तिनेच. सेल्मनला एक धाकटी बहीण होती. ती लहानपणीच घटसर्पाने गेली. ज्या घरातले खेळते मूल असे जाते, त्या घरात ते दुःख कायमचे राहते. सेल्मनच्या मनावरही ते राहिले.

झारच्या राज्यात ज्यू मुलांना उच्च शिक्षणाची दारे जवळजवळ बंद असत. शाळेत थोड्याच जागा मिळत. म्हणून सेल्मन खाजगी शिकवणीवर शिकले आणि बाहेरून परीक्षेला बसून पास झाले. 1909 साली आई वारली. ज्या आईच्या ओढीने गावात राहायचे तीच राहिली नाही. मग 1910 साली हा बावीस वर्षांचा तरुण बोटीने अमेरिकेला गेला. तिथे न्यू जर्सी प्रांतात त्यांच्या नात्यातल्या एका कुटुंबाची शेती होती. त्यांच्याकडे ते राहिले. कोंबड्या पाळायच्या, खत करायचे, रोपे लावायची, अशी कामे त्यांनी केली. शेणामातीत हात घालायची लाज त्यांना कधी वाटली नाही, आणि पुढे त्याच हातांना यश आले.

वैद्यकी शिकावी असे त्यांच्या मनात होते. पण शेताजवळच रटगर्स नावाचे कॉलेज होते आणि तिथे जेकब लिपमन नावाचे मातीतल्या जंतूंचे मोठे जाणकार होते. तेही रशियातूनच आलेले. त्यांनी या मुलाला शेतकी शिकण्याचा सल्ला दिला. 1911 साली वॅक्समन रटगर्समध्ये दाखल झाले आणि 1915 साली पदवीधर झाले.

विद्यार्थी असतानाच त्यांना एक काम मिळाले. कॉलेजच्या शेतात चर खणायचे, वरच्या थराची, मधल्या थराची, खालच्या थराची अशी वेगवेगळी माती घ्यायची आणि कोणत्या मातीत कोणते जीव किती आहेत ते मोजायचे. ते मोजतात कसे, हे आपल्याला समजण्यासारखे आहे. आपण चायना ग्रास शिजवून वड्या थापतो ना, तसाच पदार्थ जंतूंना लागणारे खाद्य घालून काचेच्या बशीत ओततात. तो गोठला की त्यावर मातीचे पातळ पाणी पसरतात आणि बशी ऊबदार जागी झाकून ठेवतात. विरजण लागायला जसा वेळ द्यावा लागतो तसा दोन-चार दिवस द्यायचा. मग एकेका जिवाची वाढ होऊन ठिपके दिसू लागतात. कोणी ओले, चकचकीत. कोणी केसाळ बुरशीसारखे. पण काही ठिपके कडक, वर भुकटी टाकल्यासारखे दिसत. ते ॲक्टिनोमायसिट. इतर शास्त्रज्ञांचे त्यांच्याकडे फारसे लक्ष नव्हते. वॅक्समन यांचे मन मात्र तिथेच जडले.

1916 साली त्यांचे लग्न झाले. पत्नी बर्था, माहेरच्या मिटनिक. बालमित्राची बहीण. 1918 साली कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळवून वॅक्समन पुन्हा रटगर्सला आले आणि चाळीस वर्षे तिथेच राहिले. पुढची वीस वर्षे त्यांनी काय केले? तर माती, शेणखत, कुजका पाला आणि समुद्रतळाचा गाळ यांत कोण राहते आणि काय करते, याचा अभ्यास केला. 1927 साली मातीतल्या जिवांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. या कामात ना पैसा, ना बोलबाला. घाण उपसणारा माणूस म्हणून कोणी हसलेही असेल. पण आपल्या संसारात जशी रोजची कामे दिसत नाहीत आणि तरी घर त्यांच्यावरच उभे असते, तसेच हे काम होते.

आता एक प्रश्न पाहा. रोगाने मेलेली माणसे आणि जनावरे शतकानुशतके मातीत पुरली गेली. मग मातीत रोगजंतूंची नुसती गर्दी व्हायला हवी होती. पण तसे होत नाही. पुष्कळसे रोगजंतू मातीत टिकत नाहीत. असे का? मातीतल्या जिवांत अन्नासाठी मोठी चढाओढ असते. काही जीव आपल्या अंगातून असा रस सोडतात की त्याने शेजारचा जंतू वाढत नाही किंवा मरतो. 1939 साली वॅक्समन यांचेच जुने विद्यार्थी रेने द्युबॉ यांनी मातीतल्या एका जंतूपासून असा रस काढून दाखवला. ते पाहून वॅक्समन यांनी ठरवले की आता आपण सगळे मिळून असाच रस शोधायचा. ॲक्टिनोमायसिट त्यांच्या हातचे होतेच. 1940 साली एक रस सापडला, पण तो विषारी ठरला. 1942 साली दुसरा सापडला, तोही अंगाला सोसवेना. अशा औषधांना अँटिबायोटिक म्हणण्याची चाल त्यांनीच पाडली. आपण त्याला प्रतिजैविक म्हणतो.

1943 साली त्यांच्या हाताखाली ॲल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी काम करीत होता. शेतकऱ्याचा मुलगा. महिना चाळीस डॉलर मिळत. क्षयाच्या जंतूंवर चालेल असा रस शोधायचे काम त्याने घेतले. ते जंतू हवेतून पसरतील या भीतीने त्याला तळघरातली खोली दिली गेली. तो तिथे रात्रंदिवस राबे आणि कित्येकदा तिथेच झोपे. एक नमुना भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीचा होता. दुसरा कोंबडीच्या घशातून पुसून घेतलेला होता, तो डोरिस नावाच्या एका विद्यार्थिनीने आणून दिला होता. 19 ऑक्टोबर 1943 रोजी शॅट्झ यांना दोन्हींत एकच जीव सापडला आणि त्याच्या रसाने क्षयाचे जंतू थोपले. ते स्ट्रेप्टोमायसिन. वॅक्समन यांनी पदवीधर होताना, 1915 च्या सुमारास, याच जातीचा जीव मातीत पाहून ठेवला होता. ज्याला पाहिले होते, त्याची करणी कळायला अठ्ठावीस वर्षे लागली.

जानेवारी 1944 मध्ये ही बातमी शास्त्रीय मासिकात छापून आली. त्यावर नावे तीन होती: ॲल्बर्ट शॅट्झ, एलिझाबेथ ब्युगी आणि वॅक्समन. मेयो क्लिनिक नावाच्या रुग्णालयातल्या फेल्डमन आणि हिनशॉ या डॉक्टरांनी ते औषध आधी गिनिपिगांना दिले आणि मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्षयाने खंगलेल्या एका तरुण स्त्रीला. ती बरी झाली. पुढे तिचे लग्न झाले, मुले झाली. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते या बाईला मिळाले.

औषधाचा हक्क सुरुवातीला एकाच कंपनीकडे होता. तो मोकळा करावा, म्हणजे पुष्कळ कारखाने औषध करतील, असा आग्रह वॅक्समन यांनी धरला आणि 1946 साली तसे झाले. औषध भराभर स्वस्त झाले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. आधी तिथे पेनिसिलीन झाले आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. मातीतल्या त्या जिवाची कृपा अशी आपल्या दारापर्यंत आली.

आता थोडे कडू सांगितले पाहिजे. थोर माणसाचे चरित्र लिहिताना नुसते गोड लिहिले तर ते खरे होत नाही.

औषधाचा बोलबाला झाला तसे सगळीकडे एकट्या वॅक्समन यांचे नाव होऊ लागले. शॅट्झ यांचे नाव मागे पडले. शिवाय औषधाच्या विक्रीतला काही पैसा वॅक्समन यांना मिळतो, हे शॅट्झ यांना माहीत नव्हते. ते कळल्यावर 1950 साली शिष्याने गुरूला कोर्टात खेचले. वर्ष संपायच्या आत तडजोड झाली. शॅट्झ हे या शोधाचे भागीदार आहेत, असे कायद्याने मान्य झाले आणि त्यांना पैशातला वाटाही मिळाला. वॅक्समन यांनी प्रयोगशाळेतल्या इतरांनाही वाटे दिले. तरीही 1952 सालचे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांनाच मिळाले.

आणि एलिझाबेथबाई? मासिकात त्यांचे नाव होते, पण औषधाच्या पेटंटवर घातले गेले नाही. तू पुढेमागे लग्न करून संसाराला लागशील, तुला पेटंटवरचे नाव काय करायचे, असे त्यांना सांगण्यात आले होते, असे म्हणतात. भगिनींनो, हे बोलणे आपल्याला किती ओळखीचे आहे! देश लांबचा, माणसे शिकलेली, तरी बोलणे तेच.

म्हणून वॅक्समन लहान ठरतात काय? माझ्या मते नाही. तीस वर्षे मातीची उपासना त्यांनी केली. कुठे शोधायचे आणि कसे शोधायचे ती वाट त्यांनी घातली. स्वतःच्या मिळकतीतला मोठा भाग त्यांनी संशोधनासाठी दिला आणि औषधाच्या पैशातून 1954 साली रटगर्सला सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची मोठी संस्था उभी राहिली. गंमत अशी की, आरंभी सांगितलेला तो मातीचा वास कोणत्या द्रव्याचा, ते 1965 साली याच संस्थेत नॅन्सी गर्बर या संशोधक बाईंनी आपल्या सहकाऱ्याबरोबर शोधून काढले. त्या द्रव्याला त्यांनी जिओस्मिन नाव दिले.

16 ऑगस्ट 1973 रोजी वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी वॅक्समन निवर्तले. समुद्रकाठच्या वुड्स होल या गावी, जिथे ते उन्हाळ्यात समुद्रातले जीव तपासत, तिथेच त्यांना मूठमाती दिली गेली. शॅट्झ यांचा रटगर्सने सन्मान केला तो 1994 साली, म्हणजे शोधानंतर पन्नास वर्षांनी. तेव्हा ते म्हातारे झाले होते. उशिरा का होईना, न्याय झाला.

स्ट्रेप्टोमायसिनने सगळा क्षय नाहीसा केला असे मात्र नाही. त्याने काहींच्या कानांना अपाय होई आणि ते एकटेच दिले तर जंतू त्याला सरावत. म्हणून पुढे दोन-तीन औषधे एकत्र देऊ लागले. आता बहुतेक गोळ्यांवरच भागते आणि स्ट्रेप्टोमायसिनची गरज क्वचित पडते. पण आजही जगात क्षयाचे सर्वांत जास्त रोगी आपल्याच देशात आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर तपासून घ्यावे आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. घरातल्या सुनेचा खोकला दुर्लक्षित राहतो, तिकडे सासूबाईंनी आणि शेजारणीने लक्ष द्यावे.

मातीत एकटा जीव काही करीत नाही. एक पाला मऊ करतो, दुसरा कुजवतो, तिसरा त्याचे खत करतो, तेव्हा कुठे रोप वर येते. औषधही तसेच निघाले. एकाने वाट दाखवली, एक तळघरात राबला, एकीने नमुना दिला, एकीने प्रयोग पडताळून पाहिले. आपल्या मंडळाचेही तसेच आहे. व्यासपीठावर दोघी-तिघी बसतात, पण सतरंज्या घालणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या आणि मागे भांडी विसळणाऱ्या हातांवर मंडळ चालते. या वर्धापनदिनी त्यांचीही नावे मोठ्याने वाचली जावीत, एवढेच मला सुचवायचे आहे.